साखळीच्या टोकाला

ये, बस. दिवा राहू दे तसाच. तू विचारलंस म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही.

आई गेल्यानंतरची गोष्ट. तिचं अंथरुणातलं सगळं मी केलं, आणि ती गेल्यावर माझ्या हातांना कामच उरलं नाही. चष्म्याच्या दुकानातून घरी यायचं, चार घास पोटात ढकलायचे आणि भिंतीकडे बघत बसायचं. धाकट्या बहिणीला ते बघवेना.

"ताई, आमच्या नाचाच्या सरावाला चल," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदाच तर असतो."

"या वयात नाचू? लोक हसतील."

"हसू देत की. तुझ्यामुळे कोणी हसलंय, त्यालाही किती दिवस झाले."

गेले. सभागृह म्हणजे वस्तीतला जुना पोहण्याचा तलाव. तो कधीचाच बंद पडला होता. त्यावर लाकडी फळ्या टाकून जमीन केलेली, पण खाली खड्डा तसाच, कोरडा. पाऊल आपटलं की आवाज खाली जायचा आणि जरा उशिराने परत यायचा. भिंतींना निळ्या फरशा होत्या, आणि इतक्या वर्षांनीही पाण्यात टाकायच्या औषधाचा वास रेंगाळत होता. मला तो दारातच जाणवला, पण बोलले नाही. पहिल्याच दिवशी खोट काढलेली बरी दिसत नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी जन्मभर शाळेत कवायत घेतलेली, त्यामुळे नाचही तसाच, शिस्तीचा. सगळ्यांनी हात धरून लांब साखळी करायची आणि वळणं घेत सभागृहभर फिरायचं. नवखी म्हणून मला शेवटच्या टोकाला लावलं. माझा उजवा हात एका बसचालकाच्या हातात. माणूस पिंपासारखा, पण पावलं मांजराची. डावा हात मोकळा.

"चुकलात तरी थांबू नका," तो पुटपुटला. "मी वर्षभर चुकतोच आहे."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. नाच जरा कुठे जमू लागला आणि वीज गेली. उंच खिडक्यांतला उजेडही विझल्यासारखा झाला. गाणं मात्र बॅटरीवर चालूच होतं.

"हात सोडू नका," बाई म्हणाल्या. "चालू ठेवा."

साखळी सरकत राहिली. अंधारात फक्त पावलं, श्वास, आणि खालून मागाहून येणारा तो आवाज.

आणि माझा डावा हात कोणीतरी धरला.

लहानसा हात. ओला. फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात ना, तशी बोटं. मला वाटलं, कोणाचं तरी पोर उशिरा आलं असेल.

"कोण रे...? हात ओला कसा?" मी खाली वाकून विचारलं.

तो औषधाचा वास एकदम नाकाशी आला. मग त्या हाताने मला ओढलं. साखळी चालली होती सभागृहाच्या मध्याकडे, आणि हात ओढत होता भिंतीकडे. मी पाय रोवले. पकड घट्ट झाली. हात माझ्या कमरेइतक्या उंचीवर होता, पण आवाज आला थेट कानाशी...

"इकडे... तिथे खोल आहे..."

मी त्या ओढीमागे भिंतीकडे वळले. पण चालकाचा हात मी सोडला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"ताई, कुठे ओढताय?" तो म्हणाला.

"चला... काही विचारू नका."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्याने पुढच्या माणसाला ओढलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. कोणी हसत होतं. "अहो, वळण चुकलं," असं म्हणत शेवटी बाईही ओढल्या गेल्या.

पाठ फरशांना टेकली आणि डावा हात सुटला. त्याच क्षणी मधली जमीन कण्हल्यासारखी वाजली आणि तडातड मोडत खाली गेली. गाणंही तिच्याबरोबर गेलं.

मग बहिणीचा आवाज आला, "ताई... ताई..."

"आहे गं. इथेच आहे."

भिंतीला धरून धरून आम्ही बाहेर आलो. बाईंनी रस्त्यावरच माणसं मोजली. सगळी होती. एकालाही खरचटलं नव्हतं. चालक पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, "मी एकटा पडलो असतो, तरी भोक एवढंच झालं असतं." मग जे हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता बहीण गळ्यात पडून रडली, आणि आई गेल्यापासून न आलेलं रडू मलाही आलं. छातीवरचा धोंडा उतरला बघ.

"तुला कळलं कसं?" तिने विचारलं.

"फळी दबल्यासारखी वाटली," मी म्हणाले. त्या दिवशी सरावाला एकही मूल आलं नव्हतं.

आता सराव शाळेच्या तळमजल्यावर होतो. पक्की जमीन, स्वच्छ उजेड. मी एकही आठवडा चुकवत नाही. रात्री झोप लागते, दोन माणसांत बोलते, हसते. ज्याने ओढलं त्याची भीती वाटत नाही, त्याचे उपकारच आहेत.

फक्त एक गोष्ट. त्या मोडलेल्या फळ्या काढणारा सुतार पुढे चष्मा करायला दुकानात आला. काच बदलता बदलता त्या दिवशी मीही तिथे नाचत होते असं सांगून मी त्याला सहज त्या जागेबद्दल विचारलं. तो जरा घुटमळला.

"फळ्या उलटल्या तेव्हा खालच्या बाजूला ओले ठसे होते," तो म्हणाला. "पावलांचे. लहान, अनवाणी. वरच्या बाजूला धुळीत तुमच्या पावलांची जशी वळणं उमटली होती तशीच वळणं, खालून. पाऊल पावलाला लावून."

माझ्या हातातली काच तशीच राहिली.

"एकाच पोराचे...?"

त्याने मान हलवली. "नाही, बाई. साखळी होती. तुमच्यापेक्षा लांब."