चाकामागची हवा

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत भिमाजीअण्णांचं सायकलचं दुकान होतं. १९९८ सालच्या डिसेंबरातल्या एका सकाळी समाधान तिथं उकिडवा बसून टायरमधली हवा मोजत होता. हवा अण्णांनीच भरली होती आणि अंगठ्यानं दाबून ‘झाली’ म्हणाले होते. समाधाननं तरी गेज लावलं आणि आकडा वहीत लिहिला.

“बायकोचं प्रेमबी असंच मोजशील तू,” अण्णा म्हणाले.

समाधान केमिस्ट्रीचा बी.एस्सी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे त्याचं काम. मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवसांची, तीन टप्प्यांची रस्ता-शर्यत होती. तिन्ही दिवसांच्या एकूण वेळेत पहिले येणारे चौघे राज्याच्या संघात जाणार होते. वयाची अट तेवीस, आणि समाधानला तेविसावं संपायला दोन महिने उरले होते. पुढच्या वर्षीचा प्रश्नच नव्हता.

अण्णांनी चार वर्षांत त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, पुढच्याच्या चाकामागं वीतभर अंतरावर राहायचं. वारा तो कापतो, आपली ताकद वाचते. हे समाधाननं मोजून पाहिलं होतं. जवळजवळ एक तृतीयांश वाचते. दुसरी गोष्ट मोजण्यातली नव्हती. पुढचा दमला की कोपर हलवतो आणि डावीकडं सरतो. मग आपण पुढं जाऊन तेवढाच वेळ वारा खायचा. याला अण्णा बारी म्हणत, शेतात पाण्याची असते तशी.

“ज्याच्या मागं बसला त्याच्यासाठी बारी काढायची,” ते म्हणायचे. “दिवसभर फुकट बसून शेवटी त्यालाच मागं टाकणारा गडी मी दुकानात उभा करत नाय.”

पहिला टप्पा नाशिक ते मनमाड. वारा ईशान्येचा, म्हणजे थेट तोंडावर. चांदवडच्या घाटात समाधानची साखळी उतरली. ती बसवून तो वर पोचला तेव्हा पुढचा घोळका दिसेनासा झाला होता. मीटरवर ताशी चोवीस. दोन्ही बाजूंची ज्वारी त्याच्याकडं वाकलेली होती.

मग वारा थांबला.

ज्वारी वाकलेलीच होती. समोरून येणाऱ्या कांद्याच्या ट्रकवरची ताडपत्री फडफडत होती. फक्त त्याच्या अंगाला वारा लागेना. एका माणसाएवढी निवांत जागा त्याच्यासोबत रस्त्यावरून सरकत होती आणि तो तिच्यात बसला होता. त्यानं हात बाजूला काढला. बोटांना गार वारा झोंबला. हात आत घेतला, काही नाही. निलगिरीच्या तेलाचा वास येत होता, शर्यतीआधी पायांना चोळतात तसा. मीटर बत्तिसावर गेला, धाप मात्र वाढली नाही. कोवळं ऊन, टायरची एकसुरी घरघर. चालत्या बैलगाडीत लहानपणी लागायची तशी गुंगी त्याला आली. मनमाड कधी आलं, कळलं नाही. घोळक्यातले बरेच जण त्यानं वाटेत गाठले होते; तो सहावा आला.

जेवताना शेजारी रंगनाथ बसला होता. रेल्वेच्या वर्कशॉपातला, मनमाडचाच.

“चांदवडनंतर वारा होता का रे?” समाधाननं विचारलं.

“होता का म्हणजे? लय. कान बधिर झाले माझे. तुला नाय लागला?”

“नाही.”

“मग सायन्सवाल्यांना वेगळा लावला असंल,” रंगनाथ म्हणाला आणि त्याच्या ताटातली मिरची उचलली.

समाधाननं वहीत लिहिलं : ‘वारा ईशान्य. चांदवडपुढे १९ कि.मी. वारा नाही. ज्वारी वाकलेली.’ शेवटच्या दोन वाक्यांखाली त्यानं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी लासलगाव-निफाडवरून परत नाशिक. वारा पाठीशी होता, आडोशाची गरज कुणालाच नव्हती. काही घडलं नाही. संध्याकाळी यादी लागली. रंगनाथ चौथा, समाधान पाचवा. मधे अडतीस सेकंद.

तिसरा टप्पा पेठपर्यंत जाऊन परत पंचवटी. सकाळी धुकं इतकं दाट होतं की रस्ता ओला झाला होता, आणि ट्रॅक्टरांच्या चाकांना लागून आलेली तांबडी माती त्यावर पसरली होती. परतताना सावळघाटाच्या चढावर समाधाननं सगळ्यांना मागं सोडलं. वर पंचानं पाटी दाखवली. तो पहिला होता.

पुढं केळी घेऊन एक बाई उभी होती, पदर कानाभोवती गुंडाळलेला. तिला रंगूबाई म्हणतात, हे त्यानं जाताना ऐकलं होतं.

“धर बाबा,” ती म्हणाली. “फुडच्यानं नाय घेतलं, तू तरी खा.”

“पुढं कोण?”

तिनं रस्त्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “ह्यो काय आत्ता गेला.”

पठारावर वारा समोरून आला आणि लगेच थांबला. निलगिरीचा वास. समाधाननं खाली पाहिलं. ओल्या डांबरावर, त्याच्या पुढच्या चाकाच्या वीतभर पुढं, एक बारीक रेघ उमटत होती. टायरच्या रुंदीची. तो वेग वाढवी तशी तीही धावे. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण धुक्यात सगळं मऊ झालं होतं, बागांतल्या द्राक्षवेली, तारा, त्याचे स्वतःचे हात. तो रेघेमागं जात राहिला.

गिरणाऱ्याच्या फाट्याच्या आसपास रेघ डावीकडं सरली.

वारा त्याच्या छातीवर आदळला. मीटरचा आकडा सहानं खाली आला.

ही खूण कसली, हे त्याला लगेच समजलं. आता पुढं राहायचं, वारा खायचा. पण मग रंगनाथचे ते अडतीस सेकंद भरून निघणार नव्हते. त्यानं हँडल वळवलं आणि डावीकडं, रेघेच्या मागं जाऊन बसला. वारा थांबला.

थोड्या वेळानं रेघ पुन्हा सरली. तोही सरला.

तिसऱ्यांदा ती अगदी रस्त्याच्या कडेला गेली, खडीपर्यंत. तोही खडीपर्यंत गेला.

त्यानंतर रेघ मधोमध राहिली. सरळ. वेग कमी होत गेला.

पेठ नाका दिसला. माणसं, पताका.

समाधान सीटवरून उठला आणि बाजूनं पुढं निघाला.

मागं फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली, पायडल मारायचं थांबवल्यावर होते तशी.

त्यानं वळून पाहिलं नाही.

रंगनाथ एक्कावन्न सेकंदांनी मागून आला. एकूण वेळेत समाधान चौथा झाला. रंगनाथनं त्याच्या पाठीवर थाप मारली, “घातलीस ना माती माझ्या तोंडात,” म्हणाला आणि सायकल आडवी टाकून तिच्या शेजारीच बसला.

भिमाजीअण्णा ओलं फडकं घेऊन आले. त्यांनी समाधानची पाठ पुसली. तिच्यावर चिखलाची उभी पट्टी होती. मग चेहरा पुसायला घेतला आणि थांबले.

“कुणाच्या मागं होता?”

“एकटाच होतो, अण्णा. घाटापासून एकटाच.”

अण्णांनी तांबडं झालेलं फडकं त्याच्यापुढं धरलं. “पाठीवरची पट्टी तुझ्या चाकाची. ही तोंडावरची कुणाची?”

समाधानच्या दातांत माती करकरत होती.

“बारी तरी काढली का?” अण्णांनी हळू विचारलं.

उत्तराची वाट न पाहता ते फडकं पिळायला निघून गेले. संघात निवड झाल्याचे पेढे त्यांनी घेतले, पण खाल्लेले समाधाननं पाहिले नाहीत.

जानेवारीत पुण्याला राज्याच्या संघाचं शिबिर सुरू झालं. पहिल्या सकाळी सहाजण एका रांगेत निघाले, चाकाला चाक. समाधान तिसरा. मागून जीपमधून प्रशिक्षक ओरडले, “चार नंबर, गॅप कशाला ठेवलीय? आणखी एक सायकल बसेल मधे.”

“चाकालाच आहे सर,” समाधानच्या मागचा मुलगा म्हणाला. “निलगिरी कमी चोळायला सांगा याला. डोळ्यांत जातेय.”

समाधान पायांना खोबरेल लावत असे.

त्याची पुढं राहायची वेळ आली. त्यानं ठरलेल्यापेक्षा दुप्पट वेळ वारा खाल्ला, पाय थरथरेपर्यंत. मग कोपर हलवलं आणि डावीकडं सरला. शेजारून आधी रिकामा रस्ता पुढं गेला, टिकटिक करत. त्याच्यामागून तो मुलगा आला, मान खाली घालून, आरामात. वारा समोरून होता आणि मुलाच्या शर्टाची बाहीसुद्धा हलत नव्हती.

रात्री समाधाननं वही उघडली. अंतर लिहिलं, वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. खाली लिहिलं :

‘सायकली सहा. बाऱ्या सात.’