पहिल्या हाकेला

फुरकान फोन बसवायला आला तेव्हा वर्षाराणीच्या गिरणीत ज्वारी चालू होती, त्यामुळे दारातून त्यानं दिलेला आवाज तिला ऐकूच गेला नाही. बिचारा खोकं काखेत धरून पिठाच्या धुरळ्यात उभा राहिला. शेवटी डबा घेऊन बसलेल्या रुपाबाईनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तिचं लक्ष गेलं.

"पायलं काय वहिनी," फुरकान हसत म्हणाला, "यासाठीच तर विकासभाऊनं मले धाडलं."

गोष्ट खरी होती. केनवडच्या बाजाररस्त्याला लागून पुढं गिरणी, मधे घर आणि मागच्या अंगणापलीकडं सासऱ्यांची खोली, असं त्यांचं लांबलचक बिऱ्हाड. गिरणी सुरू झाली की मागं आभाळ कोसळलं तरी पुढं कळायचं नाही. सासरे उकंडराव दिवाळीनंतर लकव्यानं आडवे झाले होते. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. मागच्या महिन्यात ते खाटेवरून खाली पडले, आणि वर्षा ताट घेऊन जाईपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. हाका मारल्या असतील त्यांनी, पण गिरणीच्या पट्ट्यापुढं कोणाचं काय चालणार? त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता. नवरा विकास वाशिमला ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, आठवड्याला येणारा. म्हाताऱ्याच्या हातात मोबाइल देऊन पाहिला होता, पण त्यांच्या सुकलेल्या बोटाला तो पडदा भीक घालीना. तेव्हा विकासनं दोन हँडसेटचा कॉर्डलेस फोन घेतला. एक बापाच्या उशाशी, एक बायकोच्या कमरेला.

फुरकाननं मधल्या खोलीत बेस बसवला, वायर जोडली, हँडसेटमध्ये बॅटऱ्या घातल्या. मग बेसचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला, पहिल्या हँडसेटनं पिक् केलं, पडद्यावर एकचा आकडा आला. दुसऱ्यावर दोन.

"आता हे दोघं या बेसचे झाले," तो म्हणाला. "हे बटण दाबून नोंद केल्याबिगर तिसरा कोणी यात घुसू शकत नाई. बिनधास्त राहा."

दोन नंबरचा हँडसेट घेऊन ते दोघं मागच्या खोलीत गेले. तिथं कूलर घरघरत होता. ओल्या वाळ्याचा आणि मालिशच्या तेलाचा वास कोंडून राहिला होता. उकंडराव डाव्या कुशीवर पडून सगळं बघत होते.

"काकाजीले उचलणं जमणार नाई," फुरकान बटणं दाबत म्हणाला, "म्हणून मी याले ऑटो आन्सर लावून देतो. वहिनी, तुमी पुढून दोन दाबा. एक घंटी वाजन आन् हा आपोआप उघडन. तुमी फक्त ऐकत राहा."

"न्ह... नको," खाटेवरून आवाज आला. "आपोआप... नको."

"काहून मामाजी?"

म्हाताऱ्यानं जिभेशी बरीच झटापट केली. "मी... पयल्या हाकेले... ओ देत नाई."

फुरकानला हसू आवरेना. वर्षाला मात्र हसू आलं नाही. कारण उकंडरावांना तीन हाका माराव्या लागतात हे केनवडात पोराटोरांनाही ठाऊक होतं. चावडीवरचे टवाळ तर म्हणायचे, यम आला तरी या माणसाच्या दारात त्याचा घसा बसेल. तसं पाहिलं तर ही रीत घरोघरची. टळटळीत दुपारी नाहीतर तिन्हीसांजेला एकट्या हाकेला ओ देऊ नये, असं प्रत्येकाला आईनं सांगितलेलं असतं. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारील; जे माणूस नाही ते एकदाच मारतं. मोठेपणी आपण हे विसरतो, कारण न विसरण्यासारखं आपलं काही घडलेलं नसतं.

उकंडरावांचं घडलं होतं. तरुणपणी थोरला भाऊ पुंजाजी आणि ते शेतात बाभळीखाली भाकर खात बसले होते. तुरीच्या वावरातून कोणीतरी हाक मारली, "पुंजाऽऽ". पुंजाजीनं तोंडात घास असतानाच ओ दिला. उठून पाहून आला. कोणी नव्हतं. परत बसून त्यानं उरलेली भाकर खाल्ली. बस्स, एवढंच. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी परत आला तो पुंजाजी नव्हता, असं उकंडराव आयुष्यात एकदाच बोलले, तेही आपल्या बायकोजवळ. रूप तेच, बोलणं तेच, उलट तब्येत सुधारलेली. आईनं मात्र त्याला कधी जवळ बसू दिलं नाही. वर्ष सरायच्या आत तो घर सोडून गेला. जाताना अंगणातून त्यानं धाकट्या भावाला एकच हाक मारली. उकंडानं तोंड दाबून धरलं. मग दर उन्हाळ्यात ती हाक येत राहिली, आणि दर उन्हाळ्यात ते गप्प राहिले. मनकर्णाबाईंनी, म्हणजे वर्षाच्या सासूबाईंनी, मरायच्या आधी हे सगळं सुनेच्या कानावर घातलं होतं. वर्षानं तेव्हा मान डोलावली आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं काय काय बोलतात.

"मामाजी," फुरकान बाहेर गेल्यावर ती खाटेच्या कडेला बसली, "त्या दिवशी तुमी खाली पडून होते आन् मी पुढे लोकायचं दळण दळून राह्यली होती. पुन्हा तसं झालं तर मी कोणाले तोंड दाखवू? राहू द्या ना फोन तसाच..."

 उकंडरावांनी डाव्या हातानं तिच्या पिठानं माखलेल्या हातावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले. सुनेच्या जिवाखातर म्हाताऱ्यानं जन्मभर लावलेली कडी काढून दिली. हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

फोनचं सुख मोठं होतं. दळता दळता ती दोन दाबायची, एक घंटी वाजायची आणि मागची खोली कानात उघडायची. कूलरची घरघर, त्यात त्यांचा श्वास. कधी खोकला, कधी "पाणी". तिच्या जिवात जीव आला. रुपाबाई चिडवायची, "सासऱ्याले कंबरेले बांधून फिरते व माय!" वर्षा हसायची.

एप्रिल संपत आला. केनवडची दुपार ज्यानं पाहिली नाही त्यानं रात्रीला भ्यावं. रात्री निदान शेजारीपाजारी अंगणात खाटा टाकून पडलेले असतात. दुपारी दारं लोटलेली, रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली, आणि उजेड असा की नजर त्याच्यापुढं टिकत नाही. अशा एका दुपारी वर्षानं गिरणी बंद केली आणि साचलेलं पीठ झाडायला वाकली. पट्टा थांबल्यावर कान नुसते गुणगुणत होते. गरम पिठाचा करपट वास नाकात बसला होता.

कमरेचा हँडसेट उजळला.

तिनं काही दाबलं नव्हतं. पडद्यावर आधी तीनचा आकडा होता, मग बाण, मग दोन. ती बघत राहिली. घरात हँडसेट दोनच होते. एक तिच्या हातात, दुसरा मागे उशाशी. बेसच्या बटणाला कोणी हात लावला नव्हता.

तिनं हँडसेट कानाला लावला. मागची एक घंटी वाजून गेली असावी, कारण खोली उघडली होती. कूलर... त्यात म्हाताऱ्याचा श्वास. श्वास भराभर चालला होता.

मग दुरून, उघड्या रानातून यावी तशी हाक आली.

"उकंडाऽऽ..."

आवाज तरुण माणसाचा होता. तोंडात घास असल्यासारखा.

"मामाजी," ती कुजबुजली, "बोलू नका... मी आली... बोलू नका..." तिचं त्यांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. श्वास मधेच थांबला. म्हातारा तोंड दाबून बसलाय हे तिला इथून कळलं. दुसरी हाक आली नाही. नुसता कूलर.

"ओ," कोणीतरी म्हणालं.

स्वच्छ, खणखणीत. लकव्याच्या आधीचा उकंडरावांचा आवाज तो. तिच्या लग्नात मांडवभर ऐकू गेलेला.

ती अनवाणी पळाली. अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती, तिला भाजलं तेही जाणवलं नाही. दार ढकललं तर उकंडराव खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसले होते. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले. डावा, आणि दिवाळीपासून मेलेला उजवासुद्धा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान ते नाही, नाही अशी हलवत होते, मी नाही बोललो, मी नाही. उशाशी हँडसेटचा हिरवा दिवा लागलेला होता.

तिनं हँडसेट उचलून भिंतीवर आपटला. मग त्यांना कवटाळून बसली. सासऱ्याला तिनं असं कधी कवटाळलं नव्हतं. त्या दिवशी लाज वाटली नाही. "चुकलं मामाजी, माझं चुकलं..." एवढंच ती म्हणत राहिली. हळूहळू त्यांचं अंग सैल पडलं. त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी फुरकान आला. बेस उघडून बघितला, बटणं दाबली, डोकं खाजवलं.

"वहिनी, यात तीन नंबर नोंदलेलाच नाई. कोणाच्या घरचा आवाज घुसला म्हणावं, तर तसंबी होत नाई यात." मग तो मागच्या खोलीच्या दाराकडं बघून दबल्या आवाजात म्हणाला, "काकाजी उभे कवापासून राहून राह्यले?"

उकंडराव दारात उभे होते. आधाराशिवाय.

पुढचे दिवस घरात नुसता आनंद होता. उजवा हात चालायला लागला. जीभ मोकळी झाली. भाकरी स्वतः मोडून खायला लागले, दोन जास्तच. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, देवाची कृपा समजा. विकास रजा काढून आला, बापाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. रुपाबाईनं गिरणीतून सहज हाक मारली, "उकंडराव!" आणि आतून लगेच आलं, "ओ!"

"अरे वा! पयल्याच हाकेले! म्हातारा सुधरला व वर्षे!"

वर्षाला हसता आलं नाही. आपण ज्यांना कवटाळून बसलो होतो ते आपल्या मांडीवर झोपले आणि उठलेच नाहीत, असं तिला वाटत होतं. तिला त्यांचं सुतक पाळावंसं वाटत होतं. पण जेवायला वाढायचं होतं, आणि समोर पाटावर ते बसलेले होते, हसत, तिच्याकडं बघत. नवऱ्याला तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला.

"बाबा बरे झाले हे तुले पायवत नाई काय?" विकास म्हणाला.

तिनं दोन्ही हँडसेटच्या बॅटऱ्या काढल्या, बेसची वायर काढली, सगळं खोक्यात भरून फुरकानच्या दुकानात परत नेऊन दिलं. पैसे नकोत म्हणाली. विकास वाशिमला परत गेला. घरात ती आणि ते, दोघंच राहिले. ती त्यांना हाक मारत नसे. ताट दाराशी ठेवायची आणि पुढं येऊन गिरणी सुरू करायची, दळण नसलं तरी. आवाज चालू असलेला बरा वाटायचा.

पण पट्टा कधीतरी थांबवावाच लागतो. त्या दुपारी मोटार तापली म्हणून तिनं खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. रस्त्यावर ऊन पसरलेलं, एकही माणूस नव्हतं. ती मोटारीवर हात ठेवून उभी होती, तेव्हा मागून हाक आली.

"वर्षाऽऽ..."

उकंडरावांनी सुनेला कधी नावानं हाक मारली नव्हती. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. दात दाबून धरले. श्वास रोखला. दुसरी हाक येऊ दे, ती मनात म्हणत होती, देवा, एकदा दुसरी हाक येऊ दे. गिरणीच्या पत्र्यावर कावळा पाय घासत चालला, तेवढाच आवाज. दुसरी हाक आली नाही.

तिनं ओ दिला नाही.

मग अंगणापलीकडच्या खोलीतून, ज्या खोलीत आता फोन नव्हता तिथून, बाईमाणसाचा आवाज आला. तो तिचा होता.

"ओ... आली मामाजी."