नकोबाचा काळा फिल्टर

अगं, ऐक तर! चहा राहू दे बाजूला, मोबाइल उलटा ठेव आणि मध्ये एक अक्षर बोलू नकोस. आपली एक्स-रेवाली… हो गं, तीच. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसून दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणणारी. ती प्रेमात पडलीये! आणि कशामुळे, तर शर्टाच्या बटणाएवढ्या एका काचेमुळे.

थांब, नीट पहिल्यापासून सांगते.

तिचे बाबा मैदान आखतात. फुटबॉल क्लबचं मैदान. एकतीस वर्षं हेच काम. खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, चुन्याची गाडी ढकलत ढकलत पांढऱ्या रेषा मारायच्या. आणि मधोमध तो मोठ्ठा गोल. सगळं मैदान एका बाजूला आणि तो गोल एका बाजूला, इतका त्यांचा त्याच्यावर जीव. पण क्लबचे सेक्रेटरी आहेत ना, त्यांची एक ठरलेली मस्करी. प्रत्येक मॅचला येणार, कमरेवर हात ठेवणार आणि म्हणणार, "काय हो, आज पण अंडं घातलंत का मधोमध?"

म्हणजे गोल लांबुळका झालाय! सगळे हसायचे. बाबाही हसायचे. पण घरी जेवताना ताटाच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत राहायचं. गोल, गोल, गोल. भात गार व्हायचा. एकदा तिला म्हणाले, "खाली उभं राहून कळत नाही गं. मी कधी वरून पाहिलंय?"

आणि येत्या रविवारी त्यांची शेवटची आखणी. मग रिटायर. झालं! हिच्या डोक्यात ड्रोन शिरलं.

मंगळवारी ड्यूटी संपवून ही थेट कॅमेऱ्याच्या दुकानात. बाहेर पाऊस भुरभुरतोय, केस चिकटलेत, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच. आणि काउंटरमागे तो. बाह्या दुमडलेल्या, हातात ब्रश, एका लेन्सवरची धूळ अशी झटकत होता की जणू झोपलेल्या बाळाच्या गालावरची माशी हाकलतोय.

"ते मोठं ड्रोन दाखवा," ही म्हणाली.

"ते नको."

"अहो, दाखवा तर!"

"दाखवतो. पण घेऊ नका. काय काढायचंय तुम्हाला?"

"एक गोल."

"गोल… म्हणजे?"

मग हिने सगळं सांगितलं. अंडं, ताट, रविवार. तो ऐकत होता. हातातला ब्रश तसाच हवेत. मग खाली वाकून त्याने एक पिटुकलं ड्रोन काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. वजन किती, तर दोन सफरचंदांएवढंही नाही.

"हे पुरे. मोठं उडवायला परवानग्या जास्त, आवाज जास्त, आणि चार दिवसांत तुमचा हात बसायचा नाही. हे एका जागी छान तरंगतं. फक्त वारा सुटायच्या आत उडवा."

"आणि हा फिल्टरचा सेट? सहा आहेत म्हणे."

"नको."

"हेही नको?"

"फोटो काढायचेत की व्हिडिओ?"

"फोटो."

"मग हे काळे फिल्टर कशाला? ते म्हणजे कॅमेऱ्याला काळा चष्मा. उजेड कमी करायचा, म्हणजे व्हिडिओतली हालचाल मऊ दिसते. फोटोला त्यांचं काही काम नाही. तुम्हाला एकच लागेल, पोलरायझर. ओल्या गवतावरची चकाकी काढतो."

तेवढ्यात आतून त्याचा मामा… दुकान मामाचं बरं का… ओरडला, "अरे, तू विकायला बसलायस की गिऱ्हाईक वाचवायला?"

ही खुदकन हसली. तो कानापर्यंत लाल! आणि त्याच क्षणी हिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं – नकोबा.

"चकाकी काढतो म्हणजे नेमकं काय करतो?" हिने मुद्दाम विचारलं. कळलं होतं गं तिला. चांगलं कळलं होतं.

"बाहेर या. नाही… तुम्ही बाहेर जा. मी आत थांबतो."

अशी ही दुकानाच्या शोकेसबाहेर, भुरभुर पावसात. डोळ्यासमोर ती इवलीशी काच. शोकेसमध्ये तिला दिसतोय फक्त रस्ता. गाड्यांचे दिवे, छत्र्या, स्वतःचं भिजलेलं नाक. तिने काच हळूच फिरवली. दिवे विझत गेले… छत्र्या गेल्या… नाक गेलं… आणि काचेमागून, अगदी स्वच्छ, तो दिसला. दोन हातांवर. पण अगं, तो काचेकडे बघतच नव्हता! तो हिच्याकडे बघत होता. आपण दिसायला लागलोय हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही!

हिने काच परत फिरवायला हवी होती ना? नाही फिरवली. चांगलं अर्धं मिनिट.

आत आली तर म्हणते कशी, "हं. दिसलं. चकाकी गेली."

"घरी गच्चीवर फिल्टरशिवायच उडवून बघा," तो बॉक्स भरताना म्हणाला, वर न बघता. "फिल्टर नाजूक असतो, रविवारीच बाहेर काढा. वर गेल्यावर तो फिरवता येत नाही, हे लक्षात ठेवा. जमिनीवरच फिरवून घ्यायचा. आणि बॅटऱ्या दोन. तिसरी नको."

"एक विचारू? समजा… खरंच अंडं निघालं तर?"

त्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट दाखवलं. "तुम्ही एक्स-रे काढता ना? कुणाचं हाड मोडलेलं निघेल म्हणून काढायचं थांबता का?"

बघ, असलं बोलतो. गोड गोड नाही काही. पण हिला म्हणे त्या उत्तराने एवढं हलकं वाटलं, की घरापर्यंत छत्री उघडायचंच विसरली.

चार दिवस गच्चीवर सराव. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत एकदा अडकलं ते ड्रोन, पण ते जाऊ दे.

रविवार. सकाळी सहा. बाबांनी कपडे इस्त्रीचे घातलेले, चुन्याच्या कामाला! मग शेवटचा गोल मारायला घेतला. दोरी ताणून, एक पाऊल, एक पाऊल… रेघ रेघेला येऊन मिळाली तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि उगाच परत घातली. साडेसातला खेळाडू सरावाला उतरणार. एकदा बूट पडले की गोल संपला.

सूर्य अजून झाडांमागे. अंधूक उजेड. हिने बॉक्स उघडला, वरच्या पाकिटातला फिल्टर काढला, बसवला, उडवलं. वर, वर, वर… फोनवर काहीतरी काळपट दिसतंय. सकाळ आहे म्हणून असेल. फोटो काढले वीस-पंचवीस. बॅटरी ओरडायला लागली, उतरवलं. मग फोटो मोठा करून बघते तर…

अगं, धूर! रेषाच नाहीत. सगळं फिसकटलेलं, हललेलं, ओल्या कागदावर शाई पसरल्यासारखं. पंचवीसच्या पंचवीस!

एक बॅटरी संपली. सात वाजून दहा मिनिटं. आणि फाटकातून कोण येतंय? सेक्रेटरी. कमरेवर हात.

हिने कानात इअरफोन खुपसले आणि नकोबाने बिलावर लिहून दिलेल्या नंबरवर तडक फोन लावला. झोपेत होता तो.

"तुम्ही म्हणालात, छोटं पुरे! सगळे फोटो हललेत! एकतीस वर्षांनी एक सकाळ मिळाली होती माझ्या बाबांना आणि तुम्ही मला खेळणं दिलंत!"

"थांबा, थांबा. वारा आहे?"

"पानही हलत नाहीये!"

"मग हलायला नको… कॅमेऱ्यावर कुठला फिल्टर आहे? कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

हिने डोळ्याजवळ धरून वाचलं. "एनडी… चौसष्ट."

पलीकडे काहीतरी धपकन पडलं. हिला वाटलं, फोनच पडला.

"हॅलो?"

"तो… तो काळा चष्मा आहे. आधीच उजेड कमी, त्यात तो. कॅमेरा कितीतरी वेळ डोळा उघडा ठेवून बसला असेल. तेवढ्यात ड्रोन केसभर जरी हललं तरी…"

"तेवढ्यात पेशंट हलला," ही म्हणाली. आपसूकच. तिचं तर रोजचं काम ते. "पण मी हा घेतलाच नव्हता! तुम्हीच म्हणालात, नको. मग हा बॉक्समध्ये आला कुठून?"

"मी टाकला."

"का?"

"ते… आत्ता नको ना."

"अहो, का?"

"व्हिडिओसाठी लागतो. म्हटलं, कधीतरी तुम्हाला व्हिडिओ करावासा वाटेल… मग हा कसा वापरायचा ते विचारायला… तुम्ही परत याल." मग एका दमात म्हणाला, "मी आयुष्यात कुणाला नको ती वस्तू दिली नाही हो. पहिल्यांदाच दिली. आणि तीही तुम्हाला, आणि तीही आज. मला… तुम्ही शोकेसच्या काचेतून दिसलात, त्याच्या आधीच आवडला होतात."

आता बघ! इकडे सेक्रेटरी जवळ येतायत, तिकडे खेळाडू बुटांच्या नाड्या बांधतायत, बाबा गोलाच्या मधोमध उभे राहून हिच्याकडे आशेने बघतायत आणि कानात हे! हिला रागवावं की नाचावं कळेना. शेवटी म्हणाली काय?

"त्याचं नंतर बघू. आधी सांगा, आता काय करू?"

"पाकिटाच्या तळाशी दुसरा आहे, तो काढा. सूर्य आला का वर?"

आला होता. आत्ताच, झाडांच्या वर. आणि सगळं दवाने भिजलेलं गवत असं लखलखायला लागलं, की त्या चमचमाटात पांढऱ्या रेषा विरघळूनच गेल्या.

"काही दिसत नाहीये! नुसती चांदी!"

"मग आजच तो कामाला येणार. ड्रोन वर जाऊन ज्या बाजूला तोंड करणार, त्याच बाजूला तोंड करून उभ्या राहा. फिल्टर डोळ्याला लावून पायाजवळच्या गवताकडे बघा. आणि फिरवा. शोकेससमोर फिरवला तसा. हळू…"

तिने फिरवला. चांदी विझत गेली. खालून हिरवं आलं, गडद, ओलं हिरवं. आणि त्याच्यावर पांढरीशुभ्र रेघ.

"दिसलं," ती कुजबुजली.

"तसाच बसवा. हलवू नका. वर गेल्यावर ड्रोन वळवू नका. सरळ वर, सरळ खाली बघा. आणि…"

"आणि?"

"श्वास रोखा."

अगं, तिचं वाक्य! रोज पन्नास जणांना ती म्हणते, पण तिला कुणी म्हटलं नव्हतं आजवर. तिने रोखला. ड्रोन वर गेलं. फोनवर मैदान लहान लहान होत गेलं, आणि मधोमध… तिने बटण दाबलं. एकदा, दोनदा, दहादा.

"घ्या आता," तो म्हणाला. "श्वास."

तिने घेतला तर त्याच्याबरोबर डोळेच भरून आले.

ती पळत गोलात गेली. बाबांनी चुन्याचे हात पँटला पुसले, इस्त्रीच्या! फोन हातात घेतला. हिरव्यागार गवतावर पांढरा गोल आणि मधोमध टोपी घातलेला एक ठिपका, लांब सावलीचा. ते स्वतः. त्यांनी ताटाच्या कडेवरून फिरवायचे तसं त्या रेघेवरून बोट फिरवायला घेतलं. फोटो सरकला. पुन्हा फिरवलं, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा हिनेच त्यांचा हात धरला, आणि दोघांनी मिळून वरच्या वर, न टेकवता, बोट फिरवलं. रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली.

"गोल आहे गं," बाबा म्हणाले. एवढंच.

सेक्रेटरी खांद्यावरून डोकावले. बराच वेळ बघितलं. कमरेवरचे हात खाली आले. "अंडं नाही हो हे," म्हणाले हळूच. "क्लबच्या भिंतीवर लावायला एक मोठा करून द्या मला."

आणि फोन अजून चालूच होता बरं का!

"थँक यू," ही फोनवर म्हणाली.

"कशाचं? मी तर घोळ घातला."

"त्या 'नको, नको'चं. आणि… घोळाचंही."

"मी… मी येतोय तिकडे," तो म्हणाला, आणि पहिली मॅच सुरू व्हायच्या आत आलासुद्धा. धापा टाकत. शर्टाचं एक बटण वर, एक खाली. बाबांनी त्याला बघितलं मात्र, तसेच पुढे झाले आणि चुन्याने माखलेल्या दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"तूच का तो फोनवाला? अरे बाळा, तुझ्यामुळे हा फोटो निघाला. तुझे उपकार कसे फेडू मी?"

आणि आपला नकोबा! खोटं पोटात राहतंय होय त्याच्या? तोंड एवढंसं झालं, कान लाल. "काका, उपकार कसले… खरं तर तो काळा फिल्टर ना, तो मीच…"

हिने बघितलं. बाबांचा चेहरा असा उजळलेला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या हाताला चुना लागलेला. आणि तो आता सगळं सांगणार, अगदी 'आवडला होतात'सकट, भर मैदानात, सेक्रेटरींसमोर.

ही पुढे झाली. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, "श्वास रोखा. हलू नका."

त्याने रोखला. गाल फुगवून! बाबा एकदा हिच्याकडे बघतायत, एकदा त्याच्याकडे. आणि ही अजूनही म्हणत नाहीये, 'घ्या आता'…

सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस? बोलू दिलं असतंस त्याला?