तळाला जाणारी दोरी

“नाडा नको म्हणलं ना!” रुख्मिणीने गोवर्धनच्या हातातला जाडजूड दोर हिसकावून खाली आपटला. “मोटेचा हाय तो. त्यानं म्हैस बांध जाय!”

“अवं, काल वामनरावच्या गड्यायनं असल्याच नाड्यानं सारा डोह पाह्यला ना!”

“म्हणूनच काही घावलं नाही!”

गोवर्धन दोर गुंडाळू लागला. एरवी तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. अमरावतीच्या सरकारी शाळेतून दिवाळीच्या सुटीला घरी आला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. पण या घरात यंदा दिवाळी नव्हती. रुख्मिणीचे वडील, म्हणजे गोवर्धनचे काका नत्थुजी, पाटलांच्या गोठ्यात हात बांधून बसवलेले होते. उद्या सकाळी जमादार त्यांना अकोल्याला नेणार होता. तिथून ते कधी परत येतील, की येणारच नाहीत, कुणी सांगू शकत नव्हतं.

नत्थुजी पूर्णा नदीवर नाव चालवायचे. धनत्रयोदशीला भर दुपारी ती नाव डोहात उलटली. नावेत दोन उतारू होते: किसनराव पाटलांचा थोरला मुलगा पंजाबराव आणि बांगड्या विकणारी म्हातारी गोदाबाई. दोघंही बुडाली; प्रेतं पुढे खालच्या धारेला मिळाली. नावेत माल होता कापसाचे दलाल वामनराव यांचा. ते काठावर उभे होते.

“नत्थू प्यायलेला होता,” वामनरावांनी सगळ्यांना सांगितलं. “माझं रिकामं बारदान तेवढं नावेत होतं!”

“बारदानाखाली लोखंड होतं, मालक!” नत्थुजी ओरडून ओरडून सांगत होते. “कापूस दाबायच्या यंत्राचा मळसूत्री खांब! नाव बुडंन म्हणून म्या पाया पडलो तुमच्या!”

साल होतं १८६३. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. नदीपलीकडे ज्याचं यंत्र आधी उभं राहील तो गबर होणार! असल्या घाईत भल्याभल्यांचं डोकं फिरतं, आणि वामनरावांचं तर मुळातच फारसं ताळ्यावर नव्हतं. नावेला किती ओझं झेपतं हे विचारायलाही त्यांना सवड झाली नाही.

जमादाराने डोह धुंडाळायचा हुकूम दिला. पण शोधायला गडी कुणाचे? वामनरावांचेच! त्यांनी नाड्याला गळ बांधला, जोरजोरात वल्ही मारत डोहात फेऱ्या घातल्या आणि वर येऊन सांगितलं, खाली काहीही नाही. झालं! नत्थुजी दारुडे तर ठरलेच होते, आता खोटारडेही ठरले.

“म्या काठावून पाह्यलं,” रुख्मिणी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज पक्का होता. “शिवडा मासा धराले आपुन डोंग्यामागं पितळेचा खोटा मासा ओढतो का नाही? डोंगा जोरात नेला तर मासा खाली जाते का वर येते?”

“वर येते,” गोवर्धन म्हणाला आणि एकदम ताठ बसला. “अरे बापा! अन् दोर जाड असला तर पाणी त्याले आणखीनच वर उचलते!”

“तेच तर! त्यायचा दोर मागं पार आडवा दिसून रायला होता. गळ तळाले लागलाच नाही. वरचंच पाणी ढवळून आले मेले!”

“मंग ही सुतळी घे. बारीक हाय.”

“ते पिळाची हाय. ओढली की गरगर फिरते, गुंता होते. अन् ओल्या कातड्यासारखी ताणते. खाली काय लागलं ते हाताले समजतच नाही.” रुख्मिणीने आढ्याला टांगलेलं एक वेटोळं खाली काढलं. बारीक तागाच्या धाग्यांचा गोफ विणून केलेली, मेण चोळलेली दोरी होती ती. नत्थुजींनी पावसाळाभर बसून विणली होती. “गोफ फिरत नाही, ताणत नाही. तळाशी खडा लागला तरी बोटाले कळते.”

“डोंगा कोण वल्हवते?” दारातून आवाज आला.

दोघं दचकली. दारात पाटलांचा धाकटा सूर्यभान उभा होता. गोवर्धनच्याच वर्गातला, गोवर्धनचा जिवलग. पण भाऊ गेल्यापासून तो या घराकडे फिरकला नव्हता.

“तुह्या बाबानं माह्या दादाले मारलं असं सारे म्हणते,” तो रुख्मिणीकडे न पाहता म्हणाला. “मले खरं काय ते पाह्यजे. वल्हं मी मारतो.”

रुख्मिणीने दोरीचं वेटोळं उचललं आणि तिघं नदीकडे निघाली.

डोंगा पाण्यात जातो न जातो तोच काठावर वामनराव! छत्री काखेत, कपाळावर आठी.

“खाली पड बे! पाटलाचा पोरगा आमच्यासंग दिसला तर याले संशय येईन!” गोवर्धन कुजबुजला. सूर्यभान डोंग्यात आडवा झाला आणि गोवर्धनने त्याच्यावर जाळं टाकलं.

“काय करून रायले पोट्टेहो?”

“शिवडा धरतो, मालक,” रुख्मिणी म्हणाली. “घरात खायले काही नाही.” हे मात्र खोटं नव्हतं.

“बाप तिकडे बांधलेला अन् इकडे मासे!” वामनराव हसले. “मोठा घावला तर आमच्याकडे पाठवा!”

ते गेले. जाळ्याखालून सूर्यभानचा आवाज आला. “याच्याच घरी नेऊन टाकू लोखंड!”

पण पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. रुख्मिणीने शिशाचा गोळा आणि गळ बांधून दोरी सोडली. सूर्यभान वल्हवू लागला.

“हळू! आणखीन हळू! पाणी हाललं नाही पाह्यजे!”

तिने आणखी दोरी सोडली. दोरी जितकी लांब सुटत गेली तितका गळ खोल उतरला. बोटाला मऊ ओढ जाणवू लागली. चिखल! मग एक बारीक कटकट. गोटे! एक फेरी झाली, दुसरी झाली, उन्हं कलली. तिसऱ्या फेरीलाही चिखल आणि गोटेच. रुख्मिणीची बोटं सोलून निघाली. आपले वडील खरंच खोटं बोलत असले तर? हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

“डोंगा वळव, सूर्यभान. मधल्या अंगाले. वळताना गळ आणखीन खाली बसते.”

डोंगा वळला. दोरी सैल पडून खाली गेली आणि एकाएकी तिच्या बोटाला थेट हिसका बसला. दगडाचा नव्हे! करकर, करकर, जणू गळ एकेका पायरीवरून सरकत होता. मग तो अडकला.

“थांब! थांब!”

तिने दोरी ताणून धरली. ती सरळ खाली गेली होती, जराही न वाकता. सूर्यभानने अंगरखा काढला.

“तू नको, मी जातो!” गोवर्धन म्हणाला.

“माहा दादा इथंच गेला,” सूर्यभान म्हणाला आणि दोरीला धरून त्याने बुडी मारली.

पाणी स्थिर झालं. रुख्मिणी देवाचं नाव घेत होती आणि दोरी सोडत नव्हती. अखेर सूर्यभान वर आला तेव्हा त्याचा तळवा कापला होता आणि मुठीत बारदानाची चिंधी होती.

“आटे हायेत त्याले!” तो धापा टाकत म्हणाला. “मळसूत्राचे आटे! हा एवढा खांब हाय! नत्थुकाका खरं बोलत होते!” आणि तो डोंग्यातच ओक्साबोक्शी रडू लागला.

त्यांनी दोरीला वाळका भोपळा बांधून खूण केली आणि पाटलांच्या वाड्यावर धूम ठोकली. जमादार आला, किसनराव पाटील आले, सगळं गाव लोटलं. मोटेचा नाडा आता खरा कामाला आला! दोरीच्या खुणेवर बुडी मारून भोई पोरांनी तो खांबाला बांधला, काठावर बैलांच्या जोड्या जुंपल्या, आणि चिखल गाळत तो काळा खांब वर आला. वरती गुंडाळलेलं बारदान अजून त्याला चिकटलेलं होतं.

“मला काय ठाऊक, गड्यांनी भरलं असेल...” वामनराव पुटपुटले. गड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जमादाराला सगळं खरं सांगून टाकलं. जमादाराने वामनरावांचा दंड धरला.

किसनराव पाटलांनी नत्थुजींचे हात स्वतः सोडले. बांधायचा हुकूमही त्यांचाच होता. मग ते मुलांकडे वळले.

“शाबास पोरांनो! अन् रुख्मे, तू तर आमा साऱ्यायचे डोळे उघडले.”

लोक वाहवा करू लागले. रुख्मिणी वडिलांना बिलगून उभी होती. तेवढ्यात सूर्यभान पुढे आला.

“नत्थुकाका, दादा शेवटी काय म्हणला?”

इतक्या दिवसांत नत्थुजींना हे कुणी विचारलंच नव्हतं. खोटारड्याला कोण विचारणार?

“तो पोहत होता, बापू,” नत्थुजी म्हणाले. “काठ गाठला असता त्यानं. पण गोदाबाईनं त्याचा हात धरला. म्या ओरडलो, सोड तिले! तो म्हणला, ‘म्हातारी हाय काका, कशी सोडू?’ नाही सोडला त्यानं हात.”

किसनराव पाटील तिथेच ओल्या वाळूत खाली बसले.

“पोरी,” ते रुख्मिणीला म्हणाले, “हे मले कधी समजलंच नसतं वं.”