नवनाथची खुर्ची

दर गुरुवारी दुपारी चार वाजता सुमेधा निगडीच्या घरात लॅपटॉप उघडून बसायची आणि चाकणजवळच्या गावातून रणजीत पडद्यावर यायचा. ती समुपदेशक. तो प्रेस मशीनवरचा ऑपरेटर. दीड महिना कामावर गेला नव्हता.

गावच्या जत्रेसाठी त्याने जोडीदार नवनाथशी शिफ्ट बदलून घेतली होती. त्या शिफ्टहून परतताना नवनाथच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. एक पाय चिरडला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच तो गेला.

"जीव द्यायचं मनात येतं का?" सुमेधाने पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं.

"येतं ताई. माजी शिफ्ट व्हती ती."

तेव्हापासून त्याच्या गाडीची किल्ली त्याच्या आईकडे, मंजुळाबाईंकडे होती आणि रोज सकाळी सुमेधाला 'उठलो' एवढाच मेसेज येत होता.

तिसऱ्या भेटीत तिने नेहमीची पद्धत वापरली. शेजारी रिकामी खुर्ची ठेवायची आणि गेलेल्या माणसाशी बोलायचं. रणजीतने लाल प्लास्टिकची खुर्ची ओढली, पण शब्द फुटेना. घरातला पसारा दिसू नये म्हणून तो कॉलवर मागचं सगळं धूसर करून बसायचा. फडताळ धूसर, कॅलेंडर धूसर. खुर्ची मात्र स्वच्छ दिसत होती, हातावरच्या चऱ्यासकट.

संध्याकाळी सुमेधाने स्वतःच्या लॅपटॉपवर तसंच करून पाहिलं. शेजारी ठेवलेली जेवणाची खुर्ची धूसर झाली. नवरा मिहिर त्या खुर्चीवर बसला, तेव्हा तो आणि खुर्ची दोन्ही स्पष्ट. तो उठला, पुन्हा धूसर.

"काय शोधतेयस?"

"चूक," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी लाल खुर्ची तशीच स्पष्ट होती. आणि थोडी रणजीतकडे वळलेली.

"तुम्ही वळवलीत?"

"न्हाई."

सुमेधा म्हणाली, "बोलायला जमत नसेल, तर हँडओव्हर द्या. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला मशीनचं सांगता ना, तसं."

रणजीत पहिल्यांदाच ताठ बसला.

"डाय ठीक हाय. डावा सेन्सर मधीच दगा देतो, बघून घे. तेल भरलंय." मग आवाज बारीक झाला. "आन् त्या दिवशी तुला पाठवायला नको व्हतं राव मी."



रणजीत मान हलवत होता, समोरचं ऐकताना हलवतात तशी.

खुर्चीची पाठ किंचित मागे वाकली.

सुमेधाने इअरफोन कानात घट्ट दाबले. फक्त पंख्याची घरघर.

"बरं," रणजीत म्हणाला. "घेतली."

"काय घेतली?"

"शिफ्ट. त्याची संपली म्हनतो. पुढची माजी." त्याने तळहाताने डोळे पुसले. "सोमवारी फर्स्ट शिफ्टला जातो ताई. मरायचं न्हाई मला."

खुर्ची हळूहळू धूसर झाली.

दार ढकलून मंजुळाबाई आत आल्या. हातात चहाचे दोन कप.

"कोन व्हतं रं? च्या न घेताच निघालं की पाव्हणं," त्या म्हणाल्या. "मगा येताना केवढं लंगडत व्हतं. आत्ता बघ, अंगणातनं नीट चालत गेलं."