झेपेल एवढाच साप

"तो घेऊ नका," कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातातला डबा अलगद काढून घेतला.

मी वळून पाहिलं. टेबलापलीकडे एक उंच, सडपातळ माणूस उभा होता, कोपरावर विरलेला हिरवा स्वेटर घातलेला. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावच्या मैदानावरच्या हॉलमध्ये साप पाळणाऱ्यांचा मेळा भरला होता. बाहेर मे महिन्याचं, म्हणजे आमच्याकडच्या थंडीचं धुकं, आत तव्यावरच्या कांद्याचा आणि सॉसेजचा वास.

"का? परवाना आहे माझ्याकडे."

"परवान्याचं नाही हो... आज हा बोटाएवढा आहे. चार वर्षांनी सोफ्यावर तुम्हाला बसायला जागा उरणार नाही."

"ती आत्ताच उरलेली नाही. अडीच मीटरची अजगरीण आहे घरी, क्वीनी. आणि मला 'तुम्ही' नको म्हणूस. शाळेची बस चालवते मी. दुसरीतली पोरंसुद्धा मला इमोजेन म्हणून हाक मारतात."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. "मी कालेब."

क्वीनी माझ्या आधीच्या मित्रानं आणलेली. तो पर्थला निघून गेला, ती राहिली. तिच्यावर माझा जीव आहे, पण तिला एकटीनं उचलताना मार्चमध्ये माझा खांदा लचकला. म्हणून दुसरा साप आणायचा तो मला एकटीला झेपेल असा, आणि तोही माझ्या पसंतीचा, हे मी ठरवूनच आले होते.

कालेबनं प्रश्न सुरू केले. घरी ऊब कशी ठेवतेस? नवा साप वेगळ्या खोलीत ठेवशील ना? क्वीनीच्या जवळही नेणार नाहीस ना? जावई पारखावा तसा तो मला पारखत होता. शेवटी त्यानं एक छोटा डबा उघडला. आत पेन्सिलीएवढा ठिपकेदार अजगर होता.

"पूर्ण वाढला तरी मीटरभर. हातावर मावेल."

पिल्लू माझ्या करंगळीला विळखा घालून बसलं. मी म्हणाले, "हाच."

"हा... नाही देता येणार. अंड्यातून बाहेर येऊन दोन महिने झाले, अजून एकदाही खाल्लेलं नाही त्यानं. याची भावंडं बघ ना."

"बूट निवडतेय का मी? हाच हवा."

"मग रविवारी ये. खायला लागला की घेऊन जा."

"कुठल्या रविवारी?"

"सगळ्या," तो पटकन बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले.

मी सगळ्या रविवारी गेले. कालेब सुतारकाम करायचा; त्याच्या गॅरेजमध्ये एका बाजूला फळ्या, दुसऱ्या बाजूला सापांचे डबे. गोठवून ठेवलेलं उंदराचं पिल्लू गरम पाण्यात धरून तो चिमट्यानं पुढे करायचा. माझ्या अजगराचं नाव मी पिप ठेवलं होतं; आमचा पिप मान फिरवायचा. मग आम्ही चहा प्यायचो, आणि चहा संपला तरी मी उठायची नाही.

तिसऱ्या रविवारी पिपच्या पाठीचा कणा दिसायला लागला.

"इमोजेन, मन घट्ट कर," कालेब हळूच म्हणाला. "काही पिल्लं... नाही जगत."

"तू मान हार. मी नाही मानणार."

"हार नाही मानली मी. फक्त... तू रडलीस तर मला बघवणार नाही." एवढं बोलून तो धुतलेलाच चिमटा पुन्हा धुवायला लागला.

त्या आठवड्यात मी वाचत बसले. रानात ही पिल्लं पालींवर जगतात. आमच्या बस डेपोत दिव्यामागे पालींची वस्तीच आहे. बुधवारी स्टुलावर चढून मी एक धरायला गेले. पाल पळाली, शेपूट हातात राहिली.

"पर्समध्ये काय आणलंस?" रविवारी कालेबनं विचारलं.

"शेपूट."

"लोक फुलं आणतात."

"तुला फुलं हवी होती का?"

"मी कुठं तसं म्हणालो..." पण त्याला हसू आवरेना.

पालीचा वास लागावा म्हणून शेपूट उंदराच्या पिल्लावर चोळली, डब्याला पारदर्शक झाकण लावलं, दिवा मंद केला. आम्ही थंड फरशीवर खांद्याला खांदा लावून बसलो. पिपची जीभ बाहेर आली... आत गेली... आणि एका क्षणात झडप! विळखा बसला. माझा हात कालेबच्या हातात कधी गेला, कळलंच नाही. पिपनं घास गिळायला वीस मिनिटं लावली. आम्ही दोघंही हललो नाही.

त्यानंतर पिप चार रविवार ओळीनं जेवला. शेवटच्या दोन वेळी तर शेपटीशिवायच. जुलैत कालेबनं पिप माझ्याकडे सोपवायचे कागद पुढ्यात घेतले, माझं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून बसला.

"म्हणजे आता रविवारी... तुला यायची तशी गरज—"

"वाक्य पुरं कर, कालेब."

"नाही जमत गं."

"मग माझं ऐक. मला तू आवडतोस. पिपला घेऊन मी आता घरी निघालेय आणि तुला सोबत न्यायचा माझा विचार आहे. ओव्हनमध्ये मटण भाजायला ठेवून आलेय, एकटीला संपणार नाही एवढं. येतोस?"

त्यानं पेन खाली ठेवलं. पिपला कापडी पिशवीत ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं.

गाडी मी चालवत होते. थंडी फार होती म्हणून पिपची कापडी पिशवी कालेबनं स्वेटरच्या आत, छातीशी धरली होती. अर्धा रस्ता सरला. मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "मलाही. त्या मेळ्यातच."

"काय मलाही?"

"तेच... तू मघाशी म्हणालीस ते."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे वळून बसले. "आता नीट म्हण. मला घाई नाही."

त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, पिशवी दोन्ही हातांनी सांभाळत. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, इमोजेन." या वेळी तो कुठंही अडखळला नाही.

मी सीटचा पट्टा सोडला आणि पिपला धक्का लागणार नाही अशा बेतानं त्याच्याकडे झुकले.