तीन डावी वळणं

ताशी ऐंशीच्या वेगात मी एका ट्रकला वाकून नमस्कार केला, त्या सकाळी नोजिरी माझ्या मागच्या सीटवर बसला होता.

तोवर मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हायवेचा धडा जोडीनं देतात. जाताना एकानं चालवायची, येताना दुसऱ्यानं. जोडी कुणाशी लागेल ते ऑफिसातल्या बाई ठरवतात, चहाचा घोट घेता घेता. माझ्या वाट्याला आला एक उंच, गप्प माणूस. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा लागला होता आणि तो आत बसल्याबरोबर गाडीभर कापराचा वास पसरला.

मे महिना होता. आमच्या तोनामी गावच्या सगळ्या खाचरांत पाणी सोडलेलं आणि त्या पाण्यात ढगांसकट आभाळ उतरलेलं. वर आभाळ, खाली आभाळ, मधून रस्ता... पण मला बघायला सवड कुठे होती! शेजारी त्सुकुदा सर बसले होते. माझ्यामुळेच आपले केस पिकले असं ते चारचौघांत सांगत.

"तोगाशी-सान, हा हायवे आहे, अंत्ययात्रा नाही. दाबा जरा!"

मी दाबलं. रांगेत शिरायला एका ट्रकनं जागा दिली. आता, कुणी वाट दिली तर मान लववावी हे आईनं मला चालायला लागल्यापासून शिकवलं आहे. मी लववली. चांगली कमरेतून लववली.

"समोर! समोर बघा!" सरांनी स्टिअरिंग धरलं.

मागून हसू आलं. दाबून धरलेलं, नाकातून निसटलेलं.

थांब्यावर सर सिगारेट ओढायला गेले आणि आम्ही दोघं आइस्क्रीमचे कोन घेऊन कठड्याशी उभे राहिलो.

"हसलात तुम्ही," मी म्हटलं.

"छे. खोकला आला."

"नाकातून?"

"कापराचं लाकूड कोरतो मी. नाकाचं काही सांगता येत नाही." तो इनामीच्या एका उस्तादाकडे शिकत होता. देवळांच्या दारांवर बसवायच्या लाकडी जाळ्या, त्यांतले ढग, बगळे, लाटा कोरायच्या.

"त्या ट्रकवाल्याला माझा नमस्कार दिसला असेल का हो?"

"माहीत नाही." त्यानं कोनाकडे पाहिलं. "मला दिसला. छान होता..."

माझे कान तापले. आइस्क्रीम तेवढ्यात मनगटापर्यंत ओघळलं.

परतताना तो चालवायला बसला आणि मी मागे. समोरच्या आरशात त्याचे डोळे दिसत होते, तेवढेच. आरसा वरचेवर बघावा असा नियमच आहे. पण नोजिरी नियमापेक्षा जरा जास्तच पाळत होता.

"नोजिरी-सान," सर जांभई देत म्हणाले, "आरसा मागच्या गाड्यांसाठी असतो."

त्यानंतर परीक्षेची तयारी आम्ही एकत्रच करू लागलो. गाडी कुणाकडेच नव्हती, म्हणून सायकलींवर. परीक्षा ज्या गल्ल्यांतून व्हायची त्या सगळ्या गल्ल्यांतून आम्ही दोन मोठी माणसं "आरसा... इंडिकेटर... खांद्यावरून नजर..." असं ओरडत फिरत असू. फाटकांआडची कुत्री भुंकत, म्हाताऱ्या बायका कुंडीला पाणी घालता घालता थांबत आणि मग आम्हाला ओळखूही लागल्या. संध्याकाळी खाचरांत बेडूक सुरू होत. माझ्या सायकलची सावली त्याच्या सावलीला हलकेच लागे आणि सुटे... मला घरी जावंसंच वाटत नसे.

परीक्षेचा एक भाग मजेशीर असतो. परीक्षक नकाशावर बोट ठेवतात आणि म्हणतात, इथे न्या. वाट आपली आपण निवडायची. मी निवडलेल्या सगळ्या वाटा डावीकडे वळत. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून पलीकडे जायचं. कुठली गाडी जाऊ द्यायची, कुठलीच्या आधी निघायचं, हे कोण सांगणार? मी थांबायची. थांबूनच राहायची.

"तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं," मी त्याला पटवत होते. "हिशेब चुकत नाही."

"घरोघर जाणारी नर्स ना तुम्ही? पेशंट वाट बघत असणार आणि तुम्ही त्याच्या घराला प्रदक्षिणा घालत असणार."

"पोचते ना पण!"

"माझी कार्यशाळा उजवीकडे आहे," तो म्हणाला. "जुन्या पुलाच्या अलीकडे, सिग्नल नसलेला चौक."

"तीन डावी घेईन."

"तिसऱ्याला नदी आहे."

मी हसले, तो हसला नाही. सायकलची घंटी उगीचच वाजवत म्हणाला, "आणि तो नमस्कार... परीक्षेत नका करू. लायसन्स मिळालं की चारही इंडिकेटर दोनदा लुकलुकवायचे. आपल्याऐवजी गाडीच मान लववते."

परीक्षेलाही आमची जोडी लागली. आधी तो. त्यानं गाडी अशी नेली की मागे बसून माझा डोळा लागायचा बाकी होता. मग मी. नकाशावरच्या माझ्या वाटेत एकही उजवं वळण नव्हतं, पण परीक्षकांनी ठरवून दिलेल्या वाटेत एक होतं. मी चौकात थांबले. समोरून एक आजोबा छोट्या ट्रकमधून भाताची रोपं घेऊन आले, थांबले आणि त्यांनी डिपर दिला. जा पोरी, तू आधी जा. इतक्या वयाच्या माणसानं माझ्यासाठी थांबावं! गाडी वळवता वळवता माझी मान आपसूक खाली गेली, कपाळ हॉर्नवर टेकलं आणि हॉर्न असा कोकलला की आजोबा सीटवर उडाले. परीक्षकांनी ब्रेक दाबला. त्यांना ब्रेक दाबावा लागला की परीक्षा संपते.

तो पास. मी नापास.

स्कूलच्या दारात बससाठी उभे होतो तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला. त्यानं स्वतःची छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"अभिनंदन," मी म्हटलं. अभिनंदनच करत होते मी, रडत नव्हते. "आता सायकलवर यायला नको तुम्हाला."

"हो... आता निमित्त नाही." त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "क्यूशूला एका देवळाचं काम घेतलंय उस्तादांनी. वर्षभराचं. त्यासाठीच तर लायसन्स हवं होतं, ट्रक मीच नेणार आहे. महिनाअखेरच्या शनिवारी, सकाळी निघू."

"मग... त्याआधी मी पास झाले तर?"

"तर या," तो म्हणाला. "गाडी चालवत या. मला काही बोलायचंय. बसस्टॉपवर बोलण्यासारखं नाही ते."

बस आली. मी चढले आणि छत्री माझ्याच हातात राहिली.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. त्सुकुदा सरांकडून फक्त उजवी वळणं मागून घेतली. "काय जादू झाली?" त्यांनी विचारलं. मग छत्रीच्या दांड्यावर कोरलेल्या बगळ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या परीक्षेत मान ताठ ठेवली, कुणी वाट दिली तर नुसत्या पापण्या लववल्या. पास झाले. शुक्रवारी लायसन्स हातात पडलं आणि शनिवारी सकाळी बाबांच्या छोट्या पांढऱ्या गाडीवर नवशिक्या चालकानं लावायचं हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह चिकटवून मी एकटी निघाले. शेजारी कोणी नव्हतं. सीटवर छत्री होती, तिला मी पट्टाही लावला.

जुन्या पुलाच्या अलीकडचा चौक. उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि थांबले. समोरून एक गाडी गेली. मग दुधाची. मग एक बस. मध्ये जागा मिळत होती, खरं सांगते, मिळत होती. पण पाय उठेना. गल्लीच्या टोकाला कार्यशाळेची कौलं दिसत होती. हाकेच्या अंतरावर... आणि मी तिथेच टकटक करत उभी. वेळ निघून चालली होती. शेवटी पुलावरून समोर एक ट्रक आला, रजयांत गुंडाळलेल्या लाकडी जाळ्यांनी भरलेला. कार्यशाळेची मागची वाट पुलावर निघते हे मला कुठे माहीत!

ट्रक थांबला. डिपर दिला.

काचेमागे नोजिरी होता. शेजारी म्हातारे उस्ताद. तो काही खुणावत नव्हता, हसत नव्हता. नुसता वाट बघत होता. त्याच्यामागे गाड्या थांबू लागल्या तरी तो हलला नाही.

मी मान लववली नाही. समोर पाहिलं, पलीकडे पाहिलं, आणि वळले. त्याच्या नाकासमोरून, उजवीकडे! आणि वळून झाल्यावर चारही इंडिकेटर दाबले. दोनदा. गाडीनं फार सुरेख मान लववली.

मी कडेला थांबले. चौकाजवळ ट्रक उभा करून तो धावत आला. मागून उस्तादांचा आवाज आला, "बोलून ये रे! लाकूड काही पळून जात नाही!"

खिडकीशी तो वाकला तेव्हा कापराचा वास आला.

"आलीस," तो म्हणाला. "चिगुसा, तू आलीस." नुसतं नाव, पुढे सान नाही. असं मला घरच्यांखेरीज कुणी म्हणत नाही.

"छत्री द्यायला आले," मी म्हटलं.

"खोटं."

"बरं, खोटं. तू आवडतोस मला. आइस्क्रीम ओघळलं तेव्हापासून. आता तू बोल, मघापासून मीच सगळं करतेय!"

तो हसला, नाकातून. "मला तू आवडतेस. ट्रकला नमस्कार केलास तेव्हापासून. म्हणजे मी आधी लागतो." मग हसू मावळलं. "वर्ष लागेल गं... आणि क्यूशू लांब आहे."

"मी येईन. गाडीनं."

"वाटेत उजवी वळणं पुष्कळ आहेत."

"असू देत. घेईन."

त्यानं छत्री घेतली नाही. "येशील तेव्हा आण," म्हणाला. खिडकीवर ठेवलेल्या माझ्या हातावर त्याचा खरखरीत हात क्षणभर टेकला आणि तो गेला.

हायवेच्या तोंडापर्यंत मी त्याच्या मागोमाग गेले. खाचरांतली रोपं आता वीतभर झाली होती आणि आभाळ त्यांच्या फटींतून दिसत होतं. टोलच्या फाटकापाशी मी गाडी कडेला घेतली, नीट बंद केली, हँडब्रेक ओढला. आता कुणाची हरकत नव्हती. मी वाकले, चांगली कमरेतून, आणि कपाळ हॉर्नवर टेकलं. हॉर्न लांबवर कोकलला. मी डोकं उचललं नाही.

उचललं तेव्हा ट्रक रांगेत शिरत होता, आणि त्याचे चारही दिवे लुकलुकत होते.